माल्टाकाकांचा राजीनामा

टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोत कुणी युरोपला जायचं नुसतं मनात आणलं, तरी दुसऱ्या दिवशी प्रल्हाद सबनीसांचा फोन वाजतो. फोन करणाऱ्याला जायचं असतं पॅरिसला, पण बोलणं संपेपर्यंत तो माल्टाला निघालेला असतो. यात सबनीसांचा काही दोष नाही. ते बिचारे "पॅरिस छानच आहे" एवढंच म्हणतात. पण व्हॅलेटाच्या बसस्टँडवरून कुठली बस कुठे जाते हे त्यांना माहीत आहे, कुठल्या चर्चमागे स्वच्छ बाथरूम आहे हे माहीत आहे, आणि आपल्या माणसांना प्रवासात याहून जास्त काही लागत नाही. इतिहास काय, नंतर गूगलवर वाचता येतो.

म्हणून त्यांचं नाव पडलं माल्टाकाका. ज्यांना माल्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, इटलीच्या पायाशी समुद्रात सांडलेली ही दोन-चार बेटं. गाडीने तासाभरात या टोकापासून त्या टोकाला, पण किल्ले, तटबंद्या, चर्चं आणि पाच-पाच हजार वर्षांची दगडी देवळं अशी ठासून भरलेली की नवा दगड ठेवायला जागा नाही. काका तिथे चार वेळा जाऊन आले. दर वेळी बरोबर आपल्या महाराष्ट्र मंडळाची वीस-बावीस माणसं.

आता गंमत ऐका. चार वेळा जाऊनही काकांनी माल्टातलं आतून काही म्हणजे काही बघितलेलं नव्हतं. हे साऱ्या प्लेनोत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती त्यांची बायको, उत्तराकाकू. आता गावभर झालंय, म्हणून सांगायला हरकत नाही.

काका मूळचे जळगावचे. शिकायला म्हणून टेक्ससमधल्याच लबकला आले, तिथली धूळ खाल्ली, आणि मग डॅलसच्या जवळ एका छोट्या शहराच्या पाणीपुरवठा खात्यात चिकटले ते रिटायर होईपर्यंत. टाक्या, पंप, पाइप, गळती. बरोबरचे लोक कंपन्या बदलत बदलत मोठमोठ्या घरांत गेले. काका त्याच घरात राहिले आणि त्या सगळ्यांच्या आईवडिलांना एअरपोर्टवरून आणत राहिले. कारण काका नाही म्हणत नाहीत, ही गोष्ट भारतातून नवीन आलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळते. कुणाचं मूल धर, कुणाचा कोट धर, कुणाच्या गृहप्रवेशाला दोन तास आधी ये आणि गॅसचं कनेक्शन बघ. मंडळाच्या गणपतीत सगळे आरतीला आत, आणि बाहेर पार्किंगमध्ये पिवळं जॅकेट घालून गाड्या लावून घेताना कोण, तर काका. ते देवाला नमस्कार करतात तो लांबून, गाडीच्या काचेतून दिसेल तेवढ्या मूर्तीला.

माल्टाचंही असंच झालं. रिटायर झाल्यावर काकांनी फक्त दोन तिकिटं काढली होती, स्वतःचं आणि काकूंचं. त्याला कारण होतं. तिथे पाओला नावाच्या गावात जमिनीखाली एक जागा आहे, हायपोजियम म्हणतात. अखंड खडकात कोरून काढलेली, तीन मजले खाली गेलेली, कुणी म्हणतं देऊळ, कुणी म्हणतं दफनभूमी, बहुधा दोन्ही. शंभरेक वर्षांपूर्वी घरांसाठी पाण्याच्या टाक्या खणताना कामगारांच्या हातून तिचं छत फुटलं आणि ती सापडली. टाकी खणायला जावं आणि खाली पाच हजार वर्षं सापडावीत! आयुष्यभर टाक्या बांधलेल्या माणसाला याहून गोड गोष्ट कुठली सांगणार? काकांनी ती कुठल्याशा मासिकात वाचली आणि तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, एकदा तिथे खाली उतरायचं. छताला हात लावू देत नसतील, पण मान वर करून बघायचं, टिकाव कुठे लागला होता ते.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवात काकू तिळगूळ देता देता बोलून गेल्या. "आम्ही एप्रिलमध्ये माल्टाला चाललोय." बस. डॉक्टर कुमारांची बायको म्हणाली, "अगंबाई, मग आम्हीपण येतो." ज्ञानदा म्हणाली, "आम्हीपण." दोनाचे बावीस झाले.

ही ज्ञानदा म्हणजे मंडळाची अध्यक्ष. नागपूरची, पन्नाशीची, बोलण्यात साखर आणि डोक्यात एक्सेल शीट. डॉक्टर कुमार म्हणजे रिटायर झालेले हार्ट स्पेशालिस्ट. यांनी हजारो लोकांची हृदयं तपासली, पण स्वतःचा पासपोर्ट कुठे ठेवलाय हे त्यांना अजून बायको सांगते.

तर ही वरात माल्टाला पोचली. व्हॅलेटाच्या मोठ्या चर्चमध्ये, जिथली सगळी फरशी म्हणजे रंगीत संगमरवरी कबरीच आहेत, तिथे मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. आपल्या माणसांच्या पिशव्या म्हणजे काय, डबे, थर्मास, स्वेटर, तिघांची औषधं. "काका, जरा धरता का? आलोच आम्ही." काका पायऱ्यांवर बसले, भोवती पिशव्यांची तटबंदी. एमदिना नावाच्या जुन्या कोटातल्या गावात निम्म्या लोकांचे गुडघे बोलायला लागले, त्यांना सोबत म्हणून काका वेशीजवळच्या बाकावर. समुद्रकाठच्या दगडी देवळांपाशी ऊन फार, म्हणून तिकीटघराच्या सावलीत बसणाऱ्यांबरोबर काका. मंडळी आतून बाहेर यायची ती डोळे विस्फारून. "काका, काय सुंदर आहे हो!" आणि काका म्हणायचे, "आहेच मुळी. पाणी प्या आधी."

राहिलं ते हायपोजियम. तिथे एका वेळी फक्त दहा माणसं सोडतात, तिकिटं महिने महिने आधी काढावी लागतात. काकांनी काढली होती, दहा-दहाच्या दोन तुकड्या. दोघांचं राहिलं, ती दोघं म्हणाली आम्हाला तसंही अंधाराची भीती वाटते. पण त्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाची भीती गेली. तो डॉक्टर कुमारांचा मेहुणा. "इतक्या लांब आलोय तर..." म्हणत तो दारात चुळबुळत उभा. काकांनी स्वतःचं तिकीट त्याच्या हातात दिलं. काकू पायऱ्या उतरून खाली गेल्या, काका वर राहिले.

दुसऱ्या खेपेला एकाने स्वतःचं तिकीट स्वतः काढायचा हुशारपणा केला होता, तो चुकीच्या तारखेचं घेऊन बसला. तिसऱ्या खेपेला ज्ञानदाच्या सासूबाईंनी ऐनवेळी हट्ट धरला. चौथ्या खेपेला मात्र कुणी मागितलंच नाही. काकांनी आपणहून देऊन टाकलं. कुणीतरी मागेल, याची वाट बघत उभं राहायचाही त्यांना कंटाळा आला होता.

प्रत्येक वेळी परत आल्यावर काका या ट्रिप नेण्याच्या कामाचा राजीनामा द्यायला निघायचे. आणि इथे मंडळाची एक पद्धत आडवी यायची. सत्कार! ज्ञानदाला वास यायचा की काय कोण जाणे, पण काकांनी "मला जरा बोलायचंय" म्हटलं रे म्हटलं की स्टेजवर शाल आलीच. खांद्यावर शाल, उजव्या हातात नारळ, डाव्या हातात गुच्छ. आता सांगा, माइक कुठल्या हाताने धरायचा? माइक ज्ञानदाच्याच हातात. ती विचारणार, "काका, पुढच्या वर्षीही आपण असंच नेणार ना आम्हाला?" समोर टाळ्या. शाल पांघरलेल्या माणसाने नारळ हातात घेऊन 'नाही' म्हटलंय, असं महाराष्ट्रात कधी झालंय का? मग टेक्ससमध्ये कसं होणार? काकूंच्या कपाटात शालींचा एक कप्पाच झाला होता. त्या शाली टेक्ससच्या उन्हात कुणाला द्यायची सोय नाही, आणि टाकवत तर त्याहून नाहीत.

या वर्षी मात्र काका खरंच दमले होते. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ते भरून आलं होतं. त्याचं काही नाही. हे दमणं वेगळं होतं. फोन वाजला की ते आधी डोळे मिटून घ्यायचे, मग उचलायचे. बागेत पाण्याची नळी धरून उभे असायचे आणि पाणी एकाच कुंडीतून वाहून जात असायचं. काकूंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाले, "बरं वाटतंय." आणि पुन्हा त्याच कुंडीत.

शिकागोला असलेल्या लेकीला, अनयाला, काकूंनी सांगितलं. ती तिथे फिजिकल थेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना वाकवून आणि उठवून आलेली, तिने फोनवर बाबांना सरळ झापलं. "बाबा, जस्ट से नो. नो इज अ कम्प्लीट सेंटेन्स."

"इंग्लिशमध्ये असेल," काका म्हणाले. "मराठीत निदान 'नाही हो' तरी म्हणावं लागतं."

"देन से दॅट!"

"आणि मग समोरचा म्हणतो, असं काय करता हो. त्याला काय म्हणायचं?"

अनया म्हणाली, "ओ माय गॉड," आणि फोन आईला द्यायला सांगितला.

पुढच्या रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. पाचव्या ट्रिपची घोषणा व्हायची होती, हे काकांनाही ग्रुपवरचा मेसेज वाचूनच कळलं होतं. काकांनी ठरवलं, या वेळी सांगून टाकायचं. या वेळी सुटलो तर सुटलो, नाहीतर आपण असेच कुठल्यातरी पायरीवर पिशव्या धरून बसलेले असताना जाणार, असं ते काकूंना म्हणाले. हसत म्हणाले, पण काकू हसल्या नाहीत.

मग सुरू झाली तालीम. घरांच्या मागे तळ्याभोवती चालायचा रस्ता आहे, तिथे संध्याकाळी ही दोघं फिरतात. काकू झाल्या ज्ञानदा, काका झाले काका.

"काका, तुम्ही नाही तर कोण नेणार आम्हाला?" काकूंनी आवाजात अगदी तश्शी साखर घोळवली.

"मला जमणार नाही."

"का पण?"

"कंबर दुखते."

"झालं! ती म्हणणार, मग व्हीलचेअर घेऊ की काका, माझ्या बहिणीने दुबईला घेतली होती. तुम्ही कारण दिलंत की ते लोक कारणावर इलाज शोधणार. हॉलमध्ये डॉक्टर किती बसलेले असतात माहितीये ना? कारण द्यायचं नाही. नुसतं नाही म्हणायचं."

"नुसतं नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने!"

काकांनी तळ्यातल्या बदकांकडे बघून म्हणून पाहिलं. "नाही." मग लगेच बदकांना उद्देशून, "सॉरी हं."

काकूंनी कपाळाला हात लावला.

रविवार उजाडला. दुपारी दोनची सभा, काका एक वाजताच हॉलमध्ये. प्रोजेक्टर कोण लावणार? तेच. खुर्च्या? त्याच हातांनी. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही आज राजीनामा द्यायला आलाय ना?" काका म्हणाले, "हो, पण लोक बसणार कुठे?"

चहा झाला, समोसे झाले, आणि दिवे मंद करून काकांनी चौथ्या ट्रिपचे फोटो दाखवायला सुरुवात केली. आवाज काकांचा छान आहे, सावकाश आणि घरगुती. "हा व्हॅलेटाचा तट. हे त्या चर्चचं सोनेरी छत, वर मान करून बघाल तर दुखायला लागेल पण खाली करवत नाही." हे सगळं पुस्तकं वाचून आणि बाहेर आलेल्या लोकांचं ऐकून जमवलेलं. "आणि हे हायपोजियम. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून दाराचाच फोटो आहे." दाराच्या बाजूला एका कडेला, फोटो काढणाऱ्याच्या लक्षात न आलेला, काकांचा अर्धा बूट दिसत होता. तो कुणाच्याही लक्षात आला नाही. "आत लाल मातीच्या रंगाने छतावर गोल गोल वेली काढल्यात. एका खोलीत भिंतीला कोनाडा आहे, त्यात तोंड घालून बोललं की आवाज सगळीकडे घुमतो."

दिवे लागले. ज्ञानदा शाल घेऊन तयारच होती. शाल, नारळ, गुच्छ. सगळं जिथल्या तिथे. उभं राहून काकांच्या पायांना रग लागली होती. ज्ञानदाने माइक स्वतःच्या तोंडाशी नेला, पण तेवढ्यात मागून हात वर झाला.

ही वल्लरी. तिशीची मुलगी, दोन महिन्यांपूर्वी ऑस्टिनहून इकडे आलेली, मंडळात पहिल्यांदाच. आपल्या इथे सभेत प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, एक विचारू? ते खालचं देऊळ तुम्ही इतकं सुंदर सांगितलंत. तुम्ही स्वतः पहिल्यांदा आत उतरलात ना, तेव्हा काय वाटलं?"

या प्रश्नाला काकांकडे उत्तर होतं. 'शब्दांत सांगता येत नाही.' आधीही एकदोघांना दिलेलं होतं आणि त्यात खोटंही काही नव्हतं. पण त्या दिवशी ते उत्तर तोंडापर्यंत यायलाच तयार नव्हतं. आणि खोटं रचायचं तर त्यालाही अंगात थोडी ताकद लागते.

"मी उतरलेलो नाही," काका म्हणाले.

हॉल हसला. काकांचा विनोद! डॉक्टर कुमार पहिल्या रांगेतून ओरडले, "अरे प्रल्हाद, काय सांगतोस? आमच्या बरोबर तर होतास!"

"दारापर्यंत होतो."

"मग आत?"

"आत तुझा मेहुणा होता."

हशा एका कोपऱ्यातून विझत विझत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला. डॉक्टर कुमार बायकोकडे बघायला लागले, बायको समोशाच्या प्लेटकडे. ज्ञानदाला आपल्या सासूबाई आठवल्या असाव्यात, कारण तिच्या हातातला माइक जरा खाली आला. चारही खेपांची माणसं हॉलमध्ये बसलेली होती आणि प्रत्येक जण मनातल्या मनात आपण कुठे होतो, काका कुठे होते, हे आठवत होता.

"चर्चमध्येसुद्धा नाही?" कुणीतरी हळूच विचारलं.

"पिशव्या होत्या ना," काका म्हणाले. तक्रार म्हणून नाही हं, पावसात छत्री होती ना, तशा सुरात.

पण अध्यक्षपद काय उगाच मिळतं? ज्ञानदाने माइक परत वर उचलला. डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं, त्याबद्दल शंका घ्यायची नाही. "मंडळी," ती म्हणाली, "मग आता ठरलंच! पाचवी ट्रिप खास काकांसाठी. काकांना खाली उतरवल्याशिवाय कुणी परत यायचं नाही!"

टाळ्यांनी छत दणाणलं. काय उत्साह, काय प्रेम! एकेक हात वर यायला लागला. "आम्ही दोघं!" "आमचे चौघं, माझा भाऊ पण येतो म्हणतोय!" "काका सगळ्यात पुढे, आपण त्यांच्या मागे!" डॉक्टर कुमारांनी तर उभं राहून जाहीर केलं की या वेळी पिशव्या ते धरतील, आणि त्यांच्या बायकोने चारचौघांत विचारलं, "कुणाच्या? स्वतःची कुठे ठेवलीये ते तरी माहितीये का?"

काका हातात नारळ घेऊन बघत होते. ज्ञानदा त्यांच्या कानाशी वाकली आणि मायेने म्हणाली, "फक्त काका, तिकिटं लवकर काढायला लागतील हं. तुम्ही उद्याच बघता का? आणि हॉटेल तेच मागचं, बाथरूमं चांगली होती."

काकांनी नारळ टेबलावर ठेवला. गुच्छ ठेवला. मग खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली, आणि तीही नारळाशेजारी ठेवली. हे सगळं इतकं सावकाश चाललं होतं की लोकांना वाटलं काका भाषणाची तयारी करतायत. मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी माइक मागितला. ज्ञानदाने दिला.

"मी येणार नाही," काका म्हणाले.

"अहो काका, तुमच्यासाठीच तर..."

"नाही."

"पण का?"

सगळा हॉल पुढे झुकला. आता कारण येणार. काकांनी हॉलमध्ये काकूंना शोधलं. काकू मागच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, ओठ हलत होते, जणू काकांच्या वाटचं त्याच म्हणतायत.

"कारण काही नाही," काका म्हणाले. "मी नाही येणार. आणि मी नेणारही नाही."

बस, एवढंच. ना आवाज चढला, ना थरथरला. कारण असतं तर त्यावर उपाय काढायला निदान दहा जण पुढे आले असते. कारणच नाही म्हटल्यावर या हुशार माणसांना करायला काही उरलं नाही. शेवटी डॉक्टर कुमार म्हणाले, "ठीक आहे रे. पण ती एमदिनाची बस कुठली, तेवढं तरी..." आणि बायकोने त्यांना कोपराने गप्प केलं.

वर केलेले हात एकेक करत खाली आले. हॉटेल कोण बघणार, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यावरच ते पडणार हे सगळ्यांना कळत होतं. कुणीतरी अलास्काच्या क्रूझचं नाव काढलं. तिथे म्हणे सगळं जहाजवालेच बघतात. मंडळी चटकन तिकडे वळली, आणि चहाचा दुसरा राउंड सुरू झाला. वल्लरी तेवढी काकांजवळ आली आणि म्हणाली, "काका, आय ॲम सो सॉरी, माझ्यामुळे..." काका म्हणाले, "नाही गं. तू जेवढं विचारलंस तेवढं कुणी विचारलं नव्हतं."

खुर्च्या त्या दिवशी कुणी उचलल्या ते कळलं नाही. काका निघून गेले होते.

गाडी काकू चालवत होत्या, ऑपरेशननंतर लांबचं ड्रायव्हिंग त्याच करतात. टोल भरायच्या हायवेला गाडी लागली. मग काकू म्हणाल्या, "आपण दोघंच जाऊ या का? कुणाला सांगायचंच नाही. संक्रांतीलाही नाही."

"नको."

"खाली उतरायचं होतं ना तुम्हाला."

"होतं. आता नको वाटतं." काकांनी सीट मागे घेतली. "दमलोय गं मी, उत्तरा."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून काकूंनी ऐकला नव्हता. ताप आला तरी "जरा कणकण आहे" म्हणणारा माणूस. काकूंनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने परत नेला, कारण शेजारून ट्रक चालला होता.

"तूच सांग ना," काका डोळे मिटून म्हणाले. "तू चार वेळा खाली गेलीस. छत कसं आहे? जिथे टाकी खणताना फुटलं, ते दिसतं का?"

काकूंनी आरशात बघून लेन बदलली.

"दिसतं का?"

"मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. "अंधार होता. थंड होतं. मागून कधी ज्ञानदाच्या सासूबाई, कधी दुसरं कुणी ढकलत होतं. आणि माझ्या डोक्यात सारखं तेच, हे वर उन्हात बसलेत, यांनी बीपीची गोळी घेतली की नाही. मान वर करून बघायचं राहूनच गेलं. चारही वेळा." मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "आणि एकदाही मला सुचलं नाही, की माझं तिकीट तुम्हाला द्यावं आणि पिशव्यांजवळ मी बसावं."

काकांनी डोळे उघडून बायकोकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आवाज न करणारं, खांदे हलवणारं.

"म्हणजे आपल्या घरात ते कुणीच बघितलेलं नाही!"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या, आणि त्याही हसल्या. डोळे पुसायला टिश्यू मात्र त्यांना सापडेना.

पाच-दहा मिनिटांनी काकूंनी बाजूला बघितलं, तर काका झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर रिकामे. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. पडद्यावर ज्ञानदाचं नाव. काकूंनी घाईघाईने आवाज कमी करून उचलला.

"काकू, काका आहेत का? रागावले नाहीत ना? अलास्काचं जरा विचारायचं होतं, त्या जहाजवाल्यांशी बोलायला कुणीतरी अनुभवी माणूस..."

"झोपलेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"अगं बाई. मग उठले की मला फोन करायला सांगाल?"

"नाही."

"नाही म्हणजे? विसराल का?"

"विसरणार नाही. सांगणार नाही," काकू म्हणाल्या, आणि फोन बंद केला.

घराचं वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी वळवली नाही. गॅरेजचं दार फार कुरकुरतं, काकांची झोप मोडली असती. त्या सरळ पुढे गेल्या, तळ्याला वळसा घातला, आणि पुन्हा एकदा मोठ्या रस्त्याला लागल्या.